वर केलेला हात

दुपार कलली की आमच्या बंदरावर होड्या लागतात, वाळूतच मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. गलका एवढा असतो की तोंडानं बोली लावून उपयोग नाही. हौशाबाई चोगले भाव पुकारतात. ज्याला पटेल त्यानं हात वर करायचा.

एकदा घाटावरचे ढमढेरे चेअरमन आपल्या संस्थेच्या चार संचालकांना घेऊन बंदर बघायला आले. रीत ऐकून हसले.

"आमच्या सभेतही हेच, बाई. ठराव कोण ऐकत बसतो? मी हात वर केला की हे चौघं करतात. झाला पास!"

मग ते सुरमईच्या ढिगापुढं उभे राहिले आणि फोटोसाठी त्यांनी ऐटीत हात उंचावला.

"दिला!" हौशाबाई ओरडल्या. व्यापारी पुढच्या ढिगाकडं वळले.

चेअरमन भडकले. "अहो, मी भाव ऐकलासुद्धा नाही! असा हात बोलीत धरतात का कुठं?"

ज्याचा ढीग होता तो होडीवाला कावराबावरा झाला. उन्हात मासळी किती वेळ थांबणार?

हौशाबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं साहेब, न ऐकता वर केलेला हात धरायचा नाही. तुम्ही सभेतले सगळे ठराव रद्द करा, मी हा ढीग परत घेते."

चारही संचालक चेअरमनच्या तोंडाकडं बघू लागले. चेअरमननी पाकीट काढलं.

"गाडीपर्यंत कोण नेतंय?" त्यांनी मागं वळून विचारलं.

एकही हात वर झाला नाही.