साठ शाळा, एक तार

एकदा एका डोंगराळ तालुक्यात असे ठरले, की शहरातल्या एका उत्तम शिक्षिकेचा गणिताचा तास रोज साठ शाळांत पडद्यावर थेट दाखवायचा. शहरातून वर जाणारी तार एकच. तिच्यात किती मावेल हे मोजण्याचे काम एका वृद्ध अभियंत्याने आपल्या शिष्याकडे सोपवले.

शिष्य हुशार होता. एका शाळेला एक प्रक्षेपण, साठ शाळांना साठ. तारेत जागा विसांची. म्हणून त्याने वरच्या चाळीस शाळांची नावे ‘तूर्त वगळाव्यात’ या मथळ्याखाली लिहिली. असे मथळे आपल्याकडे फार लवकर मंजूर होतात, आणि त्यातले ‘तूर्त’ एक पिढी शिकायची राहिली तरी संपत नाही.

वृद्धाने सही केली नाही. म्हणाला, “परवा दुपारी साठही मुख्याध्यापकांना इथे बोलव.”

“सर, वर फोन लागत नाहीत. साठ माणसे पाठवावी लागतील.”

वृद्धाने शिपायाला हाक मारली. “धाकू, खिंडीतल्या वाडीवर निरोप दे आणि तसाच घरी जा.”

शिष्याला वाटले, वय झाले यांचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी साठही मुख्याध्यापक हजर. शिष्याने सर्वांत लांबच्या गुरुजींना विचारले, “तुमच्यापर्यंत कोण आले?”

“शेजारच्या वाडीचा माणूस. आमच्याकडे लग्नाचं आवतणही असंच फिरतं, साहेब. खिंडीत एकदा कळलं की तिथले दोन वाटांना दोघं धाडतात. पुढच्या फाट्याचं पुढचे बघतात. एकच माणूस साठ वाड्या हिंडला, तर तो पोचेस्तोवर नवरीची पोरं माझ्या वर्गात बसतील.”

सगळे हसले. शिष्य हसला नाही. त्याने आपला कागद पुन्हा पुढे ओढला.

वृद्ध शांतपणे म्हणाला, “तू ऐकणारे मोजलेस. मोजायच्या होत्या वाटा. साठ शाळा एकच तास पाहणार असतील, तर मुख्य तारेवरून तो एकदाच जाऊ दे. जिथे तारेला फाटे फुटतात, तिथले यंत्र त्याची प्रत काढील. तीही ज्या फाट्यावर कुणी पाहत असेल त्याच फाट्यासाठी. वेगळे तास वाढले तर भार वाढेल, शाळा वाढल्याने नाही.”

शिष्याचा चेहरा उजळला. “मग तारेत जागाच जागा आहे, सर. चित्र अगदी उंची प्रतीचे ठेवू.”

“खिंडीपलीकडची तार केवढी?”

“बारीक आहे. साधे चित्र कसेबसे जाईल.”

“मग साधेच ठेव. सगळीकडे तेच एक चित्र जाणार आहे. शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत, एवढे बघ.”

लांबचे गुरुजी अवघडून उभे होते. “आमची शाळा यादीत आहे ना, साहेब?”

शिष्याने मथळ्यावर आडवी रेघ मारली. “सोमवारी अकरा वाजता मुलांना बसवून ठेवा, गुरुजी. साठही ठिकाणी एकदमच सुरू होईल.”

‘पुरत नाही’ असे लिहून कुणाला वगळणारा कागद समोर आला, की सही करण्याआधी एवढेच विचारावे: तुम्ही नेमके काय मोजलेत?