उंचवट्याला पाणी

एकदा एक तरुण आपला खड्डा घेऊन एका वृद्धाकडे गेला. घेऊन गेला असेच म्हणावे लागेल, कारण त्याच्या बोलण्यात दुसरे काहीच नव्हते. वडिलांनी राखलेला गवताळ माळ त्याने रस्त्याच्या कामासाठी ठेकेदाराला खोदायला दिला होता. वरची माती गेली, खालचा मुरूमही गेला. त्याच वर्षी वडील गेले. माळाविषयी ते शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.

“दादा रागावले असते तर बरं झालं असतं,” तरुण म्हणाला. “आजोबा, मला तो माळ पुन्हा उभा करायचाय. गेल्या वर्षी तळ्यातला गाळ आणून पसरला. पावसात सगळा वाहून एका कोपऱ्यात जमला. गवताची काडी उगवली नाही.”

वृद्धाचे आयुष्य उजाड जमिनी सावरण्यात गेले होते. त्याने तरुणाला शिष्य म्हणून ठेवून घेतले आणि दोघे खड्ड्यात उतरले.

खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा उभा होता. उंची पुरुषभर, माथा बाजेएवढा. किती खोल खोदले ते मोजता यावे म्हणून खोदणारे मूळ जमिनीचा असा एक तुकडा राखतात आणि मोजणी झाली की पाडतात. हा पाडायचा राहून गेला होता. माथ्यावर जुने गवत वाळून उभे होते.

“हा आधी पाडतो,” शिष्य म्हणाला. “इथे आलं की हाच दिसतो. किती खोल गेलास ते सांगत उभा असतो.”

“राहू दे त्याला.”

उन्हाळाभर शिष्याने उभ्या कडा उतरत्या केल्या, ट्रकच्या चाकांनी दडपलेला तळ पहारीने उकरला, पाणी थबकावे म्हणून आडवे चर काढले. याखेरीज वृद्धाने त्याला रोज सकाळचे एक काम दिले होते. लांबच्या विहिरीवरून घागर आणायची, शिडी लावायची आणि ते पाणी उंचवट्याच्या माथ्यावर शिंपडायचे. तळाला थेंबही द्यायचा नाही.

मेंढ्या घेऊन वरून जाणारी एक धनगरीण हे पाहून थांबली. “काय हो, पिंडीवर अभिषेक चाललाय जणू! देव कोणता म्हणायचा हा?”

“ते आम्हालाही कळायचंय,” वृद्ध हसून म्हणाला.

ती गेल्यावर शिष्याने विचारले, “आजोबा, उजाड खाली आहे. मग पाणी वर का?”

“घागर रिकामी झाली का?”

“नाही.”

“मग आधी ती कर.”

पावसाळ्यात माथ्यावर पवना आणि मारवेल हे गवत कमरेइतके वाढले. तळाशी तुरळक तण आले आणि सुकून गेले. कार्तिकात माथ्यावरच्या गवताचे बी तिथेच झडले. पाऊस संपल्यावर शिष्य न सांगता घागर आणू लागला. दुपारची भाकरी तो उंचवट्याला पाठ टेकून खाई. एकदा त्याला माथ्यावर गांडुळांनी टाकलेली गोळ्यागोळ्यांची माती दिसली, तर धावत येऊन त्याने ती बातमी वृद्धाला सांगितली.

पुढच्या वैशाखात एका सकाळी वृद्धाने त्याच्या हातात टिकाव दिला. “आता पाड.”

शिष्याने टिकाव खाली ठेवला. “आता नको, आजोबा. दादांच्या वेळचं एवढंच उरलंय.”

“म्हणूनच म्हणतो.” वृद्ध शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. “घरी दही लावतात ना तुझ्या? तू गाळ आणलास, म्हणजे दुधात आणखी दूध ओतलंस. कितीही वेळ ठेवलं तरी ते दूधच. विरजण हवं. या माथ्यावरच्या मातीत मुळं आहेत, बी आहे, किडामुंगी आहे. उन्हात ते मरू नये म्हणून तुला इतके दिवस पाणी वाहायला लावलं. पण विरजण वाटीतच जपून ठेवलं तर आंबून वाया जातं. ते दुधात कालवावं लागतं.”

शिष्याने विचारले, “कालवल्यावर त्यातलं दादांचं कोणतं, ते कसं ओळखायचं?”

“ते वेगळं काढून दाखवता येणार नाही,” वृद्ध म्हणाला.

शिष्याने टिकाव उचलला, पण माथ्यावर चालवला नाही. वरची वीतभर माती त्याने हातांनीच सोडवली आणि चरांच्या काठाने ओंजळ ओंजळ पेरत गेला. त्याला चार दिवस लागले. वृद्धाने घाई केली नाही. मग उंचवट्याचा राहिलेला मुरूम टिकावाने पाडून उतारांवर पसरला.

पावसाळा सरता सरता धनगरीण पुन्हा काठावर आली. “गवत झालं की हो! सोडू का मेंढ्या आत?”

“बी झडू द्या, मावशी,” शिष्य म्हणाला. “कार्तिक सरला की या.”

“बरं. आणि तुमची ती पिंड कुठाय?”

जागा दाखवायला शिष्याने हात वर केला. खड्डा बुजला नव्हता, भोवतालच्या माळापेक्षा तो सखलच होता. पण या काठापासून त्या काठापर्यंत गवत सारखे डोलत होते. हात क्षणभर मध्यावर थांबला. मग सावकाश साऱ्या गवतावरून फिरला आणि खाली आला.