गालातल्या गुंजा

फार पूर्वी दोन रानांमध्ये एक ओढा होता. पल्याडच्या रानात गुंजा नाणी म्हणून चालत. त्या कितीही ओढ्यापार न्या, पण काठावरच्या साळिंदराला सांगा, असा नियम होता. लपवल्या तर जप्त.

रंगी माकडिणीला तिथल्या मजुरीच्या गुंजा अल्याडच्या रानात घरी नेऊन, त्या बदलून, तापानं फणफणलेल्या पिल्लासाठी मध घ्यायचा होता. साळिंदराचे काटे पाहून ती थबकली. सांगितलं तर हा काढूनच घेईल, या भीतीनं तिनं गुंजा गालात कोंबल्या.

“काय नेतेस, बाई?” साळिंदरानं विचारलं.

तिनं नुसतीच नकाराची मान हलवली.

“तोंडानं सांग.”

तोंड उघडताच गुंजा घरंगळल्या. “काट्यांना भ्याले हो, दादा,” ती म्हणाली. साळिंदरानं त्या गोळा केल्या.

मागून खार आली. “दादा, पोतडीभर गुंजा आहेत.”

“बरं. जा.”

रंगी रिकाम्या गालांनी ओढ्यात उतरली. समोरून पिल्लाचं कण्हणं ऐकू येत होतं.