कानातला बोळा

फार पूर्वी डोंगरात कोरलेला एक मठ होता. तिथले आचार्य नादविद्या शिकवायचे. त्यांचं म्हणणं, जगात उमटलेला एकही आवाज मरत नाही. तो कातळात मुरतो आणि शक्ती होऊन राहतो. साधना पुरी झाली की शिष्याला गाभाऱ्यात सोडायचे. तिथल्या कातळाला कान लावायचा आणि ज्या आवाजासाठी जीव तळमळतो तो ऐकायचा. बाहेर आल्यावर ऐकलेलं सांडू नये म्हणून कानांत कायमचे कापसाचे बोळे. बोळे बसले की शिष्याचा आचार्य झाला. आत काय ऐकलं, हे विचारणं पाप.

म्हणजे ऐकायला शिकवणारे सगळेच्या सगळे कान बंद करून बसलेले. आणि त्यावर कुणी हसतही नसे.

डोंगराखालच्या गावात एक मुलगी होती. तिची आई वारली होती. आई वेणी घालताना स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायची. आता वेणी बाप घाली आणि तेच गाणं म्हणे.

"बाबा, किती बेसूर! आईचं असं नव्हतं."

"जमतं तसं म्हणतो गं. शब्द तरी तिचेच आहेत ना?"

पण मुलीला आवाज हवा होता. ती मठात गेली.

वर्षं गेली. तिने सूत्रं पाठ केली, उपास केले, मौन पाळलं. 'एकदा येऊन जा' असा बापाचा निरोप आला की आचार्य म्हणत, "आत्ता उठलीस तर केलेलं सगळं वाया." ती थांबे. हळूहळू गाण्याचे शब्दही तिला आठवेनासे झाले. असू दे, ती मनाशी म्हणे, कातळात आहेत.

शेवटी तिची पाळी आली. तिने थंडगार कातळाला कान लावला. "आई," तिने हाक मारली. पुन्हा मारली. स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी ऐकू आली.

बाहेर सगळ्यांत थोरले आचार्य कापूस घेऊन उभे होते. "ये, कान पुढे कर."

"मला काही ऐकू आलं नाही."

"काय?"

"काही ऐकू आलं नाही!" ती ओरडली. बाकीचे आचार्य जमिनीकडे बघू लागले.

"हळू बोल. नुसती मान हलव, पोरी. सगळे हलवतात."

"तुम्ही कुणाचा आवाज ऐकायला आला होता?" तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"धाकट्या भावाचा."

"आला?"

म्हातारा हातातला कापूस बोटांनी पिंजू लागला. "माझ्या गुरूंना आला असणार," तो म्हणाला.

"मग मला इतकी वर्षं का अडकवून ठेवलंत?"

"वाटलं, तुला तरी येईल."

तिने कापूस त्यांच्याच हातात राहू दिला आणि ती डोंगर उतरली.

बाप ओट्यावर बसला होता, पार थकलेला. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

"बाबा, ते गाणं म्हणा. बेसूर चालेल."

बापाने केस हातात घेतले. गायला लागला आणि मध्येच थांबला.

"पुढचं गेलं गं. तू होतीस तेव्हा रोज म्हणायचो. नंतर कुणासाठी म्हणणार?"

मग वेणी संपेपर्यंत तो उरलेलं अर्धंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वेणी वाकडी झाली. तिने ती सोडली नाही.

तात्पर्य: थोर म्हणवणाऱ्यांनो, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. तुमच्या हललेल्या मानेवर विसंबून कुणीतरी आपलं घर सोडून आलेलं असतं.