न दिसणाऱ्या धुळीची पैज

दसरा तोंडावर आला होता आणि पळसगडच्या राजांनी हुकूम सोडला होता. उद्यापासून राजवाड्याच्या साऱ्या दारा-खिडक्यांचा जुना रंग विटकरीने घासून काढायचा आणि नवा चढवायचा. राजघराणं मात्र तिथेच राहणार. धुळीला भिऊन राजा घर सोडून गेला, असं कोणी म्हणायला नको.

बाळराजांना सांभाळणाऱ्या बयजाच्या कानावर हे आलं. तीन वर्षांचं ते पोर हल्ली पांढरंफटक पडलं होतं, सारखं पोट धरून रडायचं. त्याच्या खिडकीच्या रंगाचे पोपडे सुटले होते, आणि गोडसर लागतात म्हणून ते हळूच तोंडात टाकायचं. वैद्यबुवांनी स्पष्ट सांगितलं होतं, की त्या जुन्या रंगात शिसं आहे, शिसं म्हणजे लहान मुलांना विष, आणि पोपड्यांइतकीच त्याची बारीक धूळही वाईट. बयजाने पोपडे वेचून टाकले होते, खिडकी रोज ओल्या फडक्याने पुसत होती. आता तर अख्खा वाडाच घासायला निघाला होता! तिचा सगळा जीव त्या पोरात. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, हे कोरडं घासनं थांबवा. बाळराजांच्या जिवावर बेतंल."

राजे मनाने वाईट नव्हते, पण कोणी 'नको' म्हटलं की त्यांना नेमकं तेच करावंसं वाटे.

"अगं, हा रंग आमच्या आजोबांनी लावून घेतला. ते याच वाड्यात ऐंशी वर्षं जगले."

"जगले की, सरकार. पन ते खिडक्या चाटत नव्हते."

दरबारात खसखस पिकली. दिवाणजींनी डोळे वटारले तशी ती थांबली.

"पोपडे आम्हाला दिसतात," राजे म्हणाले. "धूळ कुठे दिसते? बरं, असं कर. तुझी ती न दिसणारी धूळ उद्या दुपारी इथे दाखव. ती माणसाच्या तोंडापर्यंत कशी जाते तेही दाखव. पण रंगाची एक कपचीही खरवडायची नाही. जमलं तर काम तू म्हणशील तसं होईल. तोवर कारागीर थांबतील. नाही जमलं, तर गाठोडं बांधायचं आणि वाड्याची पायरी पुन्हा चढायची नाही."

"आन बाळराजे?"

"त्यांना दुसरी बाई मिळेल."

बयजाने हात जोडले. ती म्हणाली, "माजी एकच इनंती हाय सरकार. उद्या सकाळी तुमी रोजच्यावानी वागा."

"एवढंच ना?" राजे हसले. "पैज हरलीस म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी राजे रोजच्यासारखे बाळराजांच्या महालात आले. खिडकीच्या फळीवर हात टेकून त्यांनी मुलाला पाण्यावर निघालेले घोडे दाखवले. मिशीला पीळ भरला. मग मुलाला मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने दुधात पोळी कुस्करली आणि घास घास भरवली. तेवढं झाल्यावर हात उपरण्याला पुसून दरबारात जाऊन दिवाणजींच्या हातावर मानाचा विडा ठेवला.

दुपारी बयजा आली ती पाण्याचं तांब्याचं घंगाळ आणि पांढरी फडकी घेऊन. एक फडकं भिजवून तिने राजांपुढे धरलं.

"सरकार, जरा बोटं पुसा."

राजांनी पुसली. फडक्यावर लाल बोटं उमटली.

"आता मिशी."

मिशीनेही फडकं लाल केलं. लोक उपरण्याआड हसू लागले. दिवाणजी जरा जास्तच हसत होते, म्हणून बयजाने दुसरं फडकं त्यांना दिलं. त्यांचीही बोटं लाल उमटली.

"हा विड्याचा रंग आहे," दिवाणजी गडबडीने म्हणाले.

"विडा तुमी बोटांनी चावता व्हय, दिवाणजी?"

आता राजेही मोकळेपणी हसले. मग बयजाने पदराखालून बाळराजांची चांदीची वाटी काढली आणि तिच्या काठावरून तिसरं फडकं फिरवलं. तेही लाल झालं. राजांचं हसू तिथेच थांबलं.

"हे काय आहे, बयजा?"

"हळद, सरकार. घंगाळात चुन्याची निवळी हाय. तिच्यानं हळद लाल हुती, हे समद्या बायांना ठावं असतंय."

"म्हणजे ही रंगाची धूळ नव्हेच! फसवलंस आम्हाला."

"हळदच हाय. पहाटं म्या त्या खिडकीच्या फळीवर चिमूटभर फुकली. फळी आदीच पिवळट, कुनाला दिसली न्हाई. ती तुमच्या बोटांना लागली, मिशीत गेली, विड्यासंगं दिवाणजींपाशी आली. आन पोळी कुस्करताना तुमीच ती बाळराजांच्या दुधात घातली. एका फळीवरची एक चिमूट, सरकार. तुमचे कारागीर अख्ख्या वाड्यात पोत्यानं उडवनार, आन ती काय हळद नसनार!"

राजांनी ती वाटी हातात घेतली. रोज आपण किती प्रेमाने ती पोळी कुस्करतो, हेच त्यांना आठवत असावं.

"मग कसं करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाळराजांना आन समद्यांना मळ्यातल्या बंगल्यावर न्या. हितं जमिनीवर कापडं अंथरायची, रंग पान्यानं भिजवून भिजवूनच काढायचा. केरसुनी न्हाई, ओलं फडकं. कारागिरांनी हात धुतल्याबिगर भाकरीला शिवायचं न्हाई, कामाची कापडं घरी न्यायची न्हाईत, त्यांच्याबी घरात पोरं हायेत. निघालेला रंग बंद मडक्यात भरून लांब ठेवायचा."

"पण असं दसऱ्याच्या आत व्हायचं नाही."

"मग दसऱ्याचं सोनं मळ्यात लुटू, सरकार."

राजांनी मान डोलावली. "ठरलं. कामावर देखरेख तुझी. तू ये म्हणेपर्यंत कोणी वाड्याचा उंबरा ओलांडायचा नाही."

"सरकारांनीसुद्धा?" दिवाणजींना राहवेना.

बयजाने राजांकडे एकवार नीट पाहिलं.

"सरकारांनी आदी मिशी धुवावी, मग आत यायचं इचारावं."

राजे पोट धरधरून हसले. मग त्यांनी पाणी मागवलं, भर दरबारात हात आणि मिशी खळाखळा धुतली, आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून बयजाच्या हातावर ठेवलं.