अकरा हिरवी नाणी

फार फार जुनी गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात, राजवाड्याच्या कोठीत, तांब्याच्या नाण्यांची एक शिसवी पेटी होती. राज्यात होऊन गेलेल्या प्रत्येक राजाचं एकेक नाणं त्या पेटीत होतं. त्या राजांची चित्रं नव्हती, पुतळे नव्हते. त्यांचे चेहरे उरले होते ते फक्त या नाण्यांवर.

पेटी अंतोबा सांभाळायचा. तीस वर्षांत एकाही नाण्याला डाग पडला नव्हता, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

एका उन्हाळ्यात अंतोबाला दम्यानं गाठलं. बंद कोठीत जीव घुसमटायचा, म्हणून तो समुद्राकडची खिडकी उघडी ठेवू लागला. खारं, दमट वारं आत येत राहिलं. महिन्याभरानं एका नाण्यावर त्याला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. बोट लावलं, तर हिरवी पूड बोटाला लागली.

अंतोबाच्या मनात आलं, राणीसाहेब काय म्हणतील? तीस वर्षांत कमावलेलं नाव एका ठिपक्यापायी जायचं!

त्यानं चिंच लावून नाणं घासलं. नाणं लखलखलं, पण राजाचं नाक पुसट झालं. चार दिवसांनी ठिपका परत आला, तो दुप्पट होऊन. मग अंतोबानं ते नाणं पेटीच्या तळाशी दडवलं, वर बाकीची रचली आणि झाकण लावून टाकलं. कोणी नाणी पाहायला आलं की तो म्हणायचा, "सध्या हवा बरी नाही. नंतर या."

सगळा पावसाळा असाच गेला. शेवटी एके दिवशी धीर करून त्यानं पेटी उघडली. एक नाही, अकरा नाणी हिरवी पडली होती.

अंतोबा घरी आला, पण ताट तसंच ठेवून उठला. त्याच्या बायकोनं, येसूनं, हळूहळू सगळं काढून घेतलं.

"अहो, तेव्हाच राणीसाहेबांकडे गेला असतात तर एकाचं सांगायचं होतं," ती म्हणाली. "आज अकराचं सांगावं लागेल. आणखी थांबलात तर किती होतील कोण जाणे. उठा, मी येते बरोबर."

राणीसमोर अंतोबानं पेटी ठेवली आणि काही न लपवता सारं सांगितलं. राणीनं एकेक नाणं उचलून पाहिलं. मग तिनं तांबटआळीतल्या एका जाणत्या म्हातारीला बोलावणं धाडलं.

म्हातारीनं आधी आजारी नाणी वेगळी काढली. "चिंच हंड्याला लावायची, बाबा. नाण्याला नाही," ती म्हणाली. तिनं लाकडी काडीनं हिरवी पूड खरवडली, नाणी धुऊन मंद शेकावर पार कोरडी केली आणि त्यांवर मेणाचा पातळ हात फिरवला. प्रत्येक नाणं वेगळ्या सुती फडक्यात बांधलं. ओल शोषायला पेटीत कळीच्या चुन्याचं, तोंडाला फडकं बांधलेलं बोळकं ठेवलं.

आठ नाणी वाचली. तीन नाण्यांवर मात्र आता नाक नव्हतं, डोळे नव्हते. तांब्याच्या नुसत्या खडबडीत चकत्या उरल्या होत्या.

"अंतोबा, तेव्हाच का नाही आलात?" राणीनं विचारलं.

"तुम्ही रागवाल म्हणून, राणीसाहेब."

"रागावलेच असते," राणी म्हणाली. "पण माझा राग दोन दिवसांत निवला असता. हे तीन चेहरे आता कुठून आणू?"

अंतोबाला रडू कोसळलं. राणीचा आवाज मऊ झाला. "पेटी तुमच्याकडेच राहील. कोठीला वाऱ्याची दुसरी वाट करून देते, तुम्हाला श्वास घेता यायला हवा. तेही तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्यानंतर कोणी नाणी पाहायला आलं, की अंतोबा आधी ती तीन बिनचेहऱ्याची नाणी पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "ही माझ्यामुळे गेली." मग बाकीची दाखवायचा.

तात्पर्य: चूक ठिपक्याएवढी असतानाच सांगून टाकावी; झाकून ठेवलेली चूक वाढत जाते आणि चांगल्यालाही नासवते.