दुकान वाढवायचं ठरलं

एकदा एका बाजारगावात आवळीनवमीच्या सकाळी असं दाट धुकं उतरलं, की माणसाला आपल्याच अंगणातली आवळी दिसेना. थंडी बेताची होती, वारा मुळीच नव्हता. पानांवर साचलेलं पाणी तेवढं अधूनमधून टपकत होतं. त्या धुक्यात एक व्यापारी कान टवकारून उभा होता. पाणी टपकलं, की त्याला वाटायचं, कुणीतरी कुंपणाशी पाऊल वाजवलं.

हा व्यापारी धान्याचा. काही वर्षांपूर्वी या गावी येऊन त्यानं कारागिरांच्या गल्लीत घर आणि पुढं दुकान घेतलं होतं. मनुष्य वाईट नव्हता. मापात त्यानं कधी पाप केलं नाही. पण धंद्यामुळं त्याच्या हाताला एक सवय जडली होती. धान्याचं पोतं आलं, की पोकळ लोखंडी सळई त्यात खुपसायची, आतले दाणे बाहेर काढायचे आणि एक डोळा मिटून ते उजेडात निरखायचे. वर चांगला माल आणि खाली किडका, असं बाजारात घडतंच. म्हणून सळई हवीच. मात्र हळूहळू ती सळई त्याच्या हातातून डोळ्यांत आली आणि डोळ्यांतून जिभेवर.

शेजारची गजराबाई बुरडीण विरजण मागायला आली, तर यानं विचारलं, “आजच कसं संपलं विरजण?” रखमाजी तांबट सहज म्हणाला, “शेटजी, बरं दिसतंय दुकान,” तर यानं रात्रभर विचार केला, की याला माझ्या दुकानाशी काय करायचंय? असं होता होता त्या घराचा उंबरा ओलांडणं लोकांनी सोडून दिलं. कुणी भांडलं नाही. यायचं तेवढं थांबले.

व्यापाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. घाव बसला तो त्याच्या बायकोला, सगुणेला. दिवाळीला तिनं डबे भरभरून फराळ केला आणि दोघंच तो खात बसली. भाऊबीजेला चकली मोडताना ती म्हणाली, “भिंतींशी किती बोलू? आवळीनवमीला मी गल्लीला जेवायला बोलावते. सगळ्या गल्लीत एकच आवळी आहे, ती आपल्या अंगणात. ज्यानं त्यानं आपल्या घरचं एकेक पातेलं आणायचं आणि झाडाखाली मिळून जेवायचं. माणसं आली तर ठीक. नाही आली, तर मी माहेरी जाईन. मग मला न्यायला येऊ नका.”

ती कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही, म्हणूनच तो घाबरला.

“बरं, बोलाव,” तो म्हणाला. “जाताना काही भेट द्यावी लागेल. शहरातून खोक्यातल्या वस्तू मागवतो.”

“खोकी नकोत. गल्लीतच घ्या. गजराबाईची सुपं, सोनबा कुंभाराची मडकी, रखमाजीच्या लोट्या. सोनबाच्या घरी सूप जाऊ दे, गजराबाईच्या घरी लोटी.”

व्यापारी गेला, पण डोळे घेऊन गेला. सोनबाचं एकेक मडकं त्यानं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. लोटीत पाणी घालून ती उलटीसुलटी केली. आणि सूप उचलून सूर्यासमोर धरलं.

गजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “शेटजी, यात धान्य पाखडायचंय. पाणी भरायचं असलं तर आधी सांगा, तसं विणते!”

ती हसली. तो हसला नाही. त्याला वाटलं, ही हसण्यावारी काहीतरी नेतेय.

नवमीच्या आदल्या दिवशी तो सुपं आणायला गेला, तेव्हा बांबूच्या तट्ट्याआड बोलणं चाललं होतं. तो थबकला. थबकायचं काही कारण नव्हतं. पण संशयी माणसाचे पाय त्याला न विचारता थांबतात.

रखमाजीचा आवाज आला, “मग ठरलं. उद्या भर दुपारी दुकान वाढवायचं.”

सोनबा म्हणाला, “ऐन बाजाराच्या दिवशी?”

“बाजाराच्याच दिवशी. मागं सरायचं नाही कुणी.”

“आणि शेटजीला?” हा गजराबाईचा आवाज. “त्याला आधी कळू देऊ नका. कळलं तर मोडता घालेल.”

आता आपल्याकडं दुकान ‘बंद केलं’ असं कुणी म्हणत नाही. तो शब्द अशुभ. संध्याकाळी फळ्या लावल्या, की दुकान ‘वाढवलं’ म्हणायचं. व्यापाऱ्याचं आयुष्य या शब्दात गेलेलं. त्यानं तोच अर्थ घेतला. हे सगळे मिळून आपलं दुकान वाढवणार! जेवायला म्हणून येतील, पंगतीत काही खोट काढतील, गलका करतील, आणि बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांसमोर आपली अब्रू जाईल. म्हणून तर सगळे एवढ्या लगबगीनं ‘येतो, येतो’ म्हणाले!

सुपं न घेताच तो वेशीकडं निघाला. वेशीजवळच्या मठीत एक वृद्ध राहत असत. व्यापारी त्यांना गुरू मानी, आणि मनातलं बोलायचं म्हटलं तर या जगात त्याला तेवढी एकच जागा होती. त्यानं धापा टाकत सगळं सांगितलं.

वृद्धांनी शांतपणे विचारलं, “कुणाचं दुकान वाढवायचं म्हणाले?”

“माझं, बाबा! आणखी कुणाचं?”

“तसं म्हणाले?”

“म्हणायला कशाला हवं? मी काय दूधखुळा आहे?”

वृद्ध म्हणाले, “मीही येतो उद्या जेवायला. येईन तेव्हा तुझी ती सळई मला दे.”

व्यापाऱ्याला धीर आला. त्याला वाटलं, बाबांनाही संशय आला तर!

नवमीची ती धुक्याची सकाळ त्यानं अशी कान देऊन काढली. सगुणेनं पडवीत आपली ट्रंक भरून ठेवली होती. कुलूप मात्र अजून लावलं नव्हतं. व्यापाऱ्यानं मुनीमजींना दुकानात बसवलं, हातात काठी दिली आणि बजावलं, “काही झालं तरी फळ्या लावू द्यायच्या नाहीत. कुणी आलं तर मला हाक मारा.” आपल्यापुरतं त्यानं आणखी एक ठरवलं, की बायकोनं केलेल्या खिरीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर डोळा ठेवता येत नाही.

दुपारी धुकं विरलं आणि माणसं आली. लेकराबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, डोक्यावर पातेली घेऊन आली. शेटजींनी न नेलेली सुपं गजराबाईनं स्वतःच आणली. सगुणेनं आवळीला सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं. भरली वांगी, अंबाडीची भाजी, वाटाण्याची उसळ, दहीभात, भाकऱ्यांच्या चळती, असं सगळं झाडाखाली ओळीनं मांडलं गेलं. पत्रावळी मांडल्या. वृद्धही आले, व्यापाऱ्यानं सळई त्यांच्या हाती दिली. व्यापारी सगळ्यांचे चेहरे बघत बसला. कुणी कुणाच्या कानाला लागलं, की याची मान तिकडं वळे.

इतक्यात वृद्ध उठले. “थांबा,” ते म्हणाले. “अजून कुणी घास उचलू नका.”

त्यांनी धोतराच्या सोग्यातून सळई काढली, आणि गजराबाईच्या वांग्यांत ती कचकन खुपसली. बाहेर काढली, एक डोळा मिटून उजेडात धरली, लागलेला मसाला अंगठ्यावर चोळला, हुंगला.

“वरचं बरं दिसतंय,” ते म्हणाले. “पण तळाला काय असेल, सांगवत नाही.”

“तळालाही वांगीच आहेत, बाबा!” गजराबाई म्हणाली. “आमच्यात वर वांगी आणि खाली धोंडे घालायची रीत नाही.”

पंगत खो खो हसली. वृद्ध हसले नाहीत. ते उसळीकडं गेले, तिच्यात सळई घातली, निरखली, हुंगली. मग दहीभात. मग भाजी. हसू हळूहळू मावळलं. सोनबाची म्हातारी आई कुरकुरली, “अन्नात लोखंड काय खुपसता? आम्ही काय विष कालवून आणलंय?” शेवटी वृद्ध सगुणेच्या खिरीपाशी आले आणि त्यांनी सळई उचलली. सगुणेनं दोन्ही हातांनी पातेलं झाकून धरलं. तिचे डोळे भरले होते.

“पुरे, बाबा!” व्यापारी ओरडला. “घरी आलेल्या माणसांशी कुणी असं वागतं?”

“तू वागतोस,” वृद्ध म्हणाले. “मी एक दुपार वागलो, तर तुला सोसवेना.”

“पण हे लोक...” व्यापाऱ्याचा तोल सुटला. “हे लोक आज माझं दुकान वाढवायला आलेत! काल मी या कानांनी ऐकलंय, तट्ट्याआड!”

रखमाजीनं सोनबाकडं पाहिलं, सोनबानं गजराबाईकडं.

“तुमचं?” रखमाजी म्हणाला. “अहो शेटजी, तुमचं कशाला वाढवू आम्ही?”

“फाटकापर्यंत जा,” वृद्ध व्यापाऱ्याला म्हणाले. “गल्ली बघून ये.”

तो गेला. बाजाराचा दिवस, ऐन दुपार, आणि गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या लागलेल्या. सोनबाचं दुकान वाढवलेलं. रखमाजीचं वाढवलेलं, त्याचा हातोडा थांबलेला. गजराबाईच्या दारावर तट्टा आडवा. खेड्यावरून आलेली गिऱ्हाइकं दारं बघून परत फिरत होती. सगळ्या गल्लीत एकच दुकान उघडं होतं, त्याचं स्वतःचं. आणि त्याच्या दारात मुनीमजी काठी घेऊन उभे होते.

रखमाजी मागून येऊन हळूच म्हणाला, “सगुणावैनी दारोदार कुंकू लावून आवतण देऊन गेल्या. आवळीखालच्या पंगतीत चार घास कोंबून दुकानाकडं पळायचं, हे बरं नव्हे. शिवाय आमच्या हातची वस्तू आमच्याच गल्लीत भेट म्हणून द्यावी, हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. म्हणून म्हटलं, एक बाजार गेला तर जाऊ दे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही व्यापारी. नको म्हणाला असतात.”

व्यापारी झाडाखाली येऊन वृद्धांसमोर खाली बसला.

वृद्धांनी सळई त्याच्या हातात दिली. “पोतं तपासावं,” ते म्हणाले. “त्यात दोष नाही. एकदा सळई मारली, तर तागाचे धागे आपसूक जवळ येतात, भोक मिटतं. पण रोज मारशील तर मिटत नाही. दाणे गळत राहतात. मग एके दिवशी रिकामं पोतं हातात येतं, आणि माणूस म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो, यात काही नव्हतंच! काल तुझ्या कानावर आलं ‘दुकान वाढवायचं’. कुणाचं, ते कुणी म्हणालं नव्हतं. ते तुझ्या मनानं घातलं. बाबा रे, माल पारखून घ्यावा. माणूस आधी आपला म्हणावा, मग पारखावा.”

व्यापारी उठला, पुन्हा फाटकाशी गेला आणि मोठ्यानं हाक मारली, “मुनीमजी! दुकान वाढवा! आणि काठी ठेवून जेवायला या!”

गजराबाई म्हणाली, “दुकान वाढवलंत, झकास झालं. आता भात वाढा. पोरं भुकेली आहेत!”

पंगत पुन्हा हसली, आणि या खेपेला तोही हसला. पदर खोचावा तसं त्यानं उपरणं कमरेला खोचलं आणि वाढायला लागला. सोनबाच्या आईच्या पानात त्यानं दोनदा खीर वाढली. मग स्वतः बसून प्रत्येक पातेल्यातलं खाल्लं. वांगी तिखट होती. नाकातून पाणी आलं, तरी मागून घेतली.

निघायच्या वेळी त्यानं एकेकाच्या हातात भेट ठेवली, सूप सोनबाला, मडकं रखमाजीला, लोटी गजराबाईला. देताना एकही वस्तू वाजवून पाहिली नाही. पडवीत गजराबाई सगुणेच्या ट्रंकेवरच बैठक मारून दिवस कलेपर्यंत बोलत बसली होती. ती उठली तेव्हा सगुणा ट्रंकेकडं न बघताच दिवा लावायला गेली.

अंगण झाडताना व्यापाऱ्याला आवळीच्या बुंध्याशी गजराबाईचं पातेलं दिसलं. क्षणभर जुनं मन जागं झालं. एवढं मोठं पातेलं कुणी विसरतं? उद्या हरवलं म्हणून बोभाटा करायचा विचार तर नसेल? मग त्याची त्यालाच लाज वाटली. पातेलं उचलून तो तिच्या मागं धावला. “गजराबाई, हे विसरलात!”

ती फाटकाशी थांबली, वळली, आणि म्हणाली, “विसरले नाही, शेटजी. ठेवून चाललेय. उद्या न्यायला म्हणून यायला बरं.”